फिरोजी फुलदाणी : जुनी, नवी आणि जुनी म्हणून विकलेली

फिरोजी झिलईचा रंग तांब्यातून येतो, पण नुसत्या तांब्याने काम भागत नाही. तांब्याचे ऑक्साइड सोडा किंवा पोटॅश भरपूर असलेल्या काचेत विरघळले, तरच निळ्या आणि हिरव्याच्या सीमेवरचा तो रंग उतरतो. तेच तांबे शिशाच्या झिलईत गेले की गवती हिरवे दिसते आणि भट्टीची हवा कोंडून आत धूर धरला तर लालही होते. म्हणजे फिरोजी फुलदाणी घेणारे गिऱ्हाईक एका ठरावीक जातीच्या काचेचा थर विकत घेत असते. या काचेला एक खोड आहे. भट्टी निवताना ती साध्या मातीपेक्षा जास्त आकसते. खालचे अंग तितके आकसत नाही, वरचा थर ताणला जातो आणि त्यावर बारीक भेगांची जाळी पडते. जाळीतून ओल शिरत राहिली की कालांतराने थर सुटूही लागतो.

या खोडीवरचा इलाज कुंभारांना झिलईत नव्हे, मातीत सापडला. झिलईइतके आकसणारे अंग तयार करायचे, म्हणजे त्यात गारेचे (क्वार्ट्झचे) प्रमाण खूप वाढवायचे. फिरोजी भांड्यांचा बहुतेक इतिहास या एका खटाटोपाचा आहे आणि खरेदीतले बरेचसे प्रश्नही त्याच्याशीच येऊन थांबतात. रंगावर मन बसते हे खरे. पण फुलदाणी कुठली, केव्हाची, कशाची आणि किती मोलाची, याचा निवाडा ती उलटी करून बुडाकडे पाहिल्यावरच होतो. बुडाशी झिलई संपते आणि खालचे अंग उघडे दिसते.

सर्वांत जुनी फिरोजी भांडी मातीची नाहीतच. ईजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी चौथ्या सहस्रकापासून गारेचे पीठ, चुना, सोडा आणि तांबे यांच्या मिश्रणातून मणी, मूर्ती आणि लहान भांडी घडवली जात. वाळताना सोडा पृष्ठभागावर फुलून येई आणि भट्टीत त्याचीच झिलई होई. पुढे पार्थियन आणि ससानियन काळात इराण-इराकच्या कुंभारांनी हीच झिलई साध्या मातीच्या जाड रांजणांवर चढवली. ते रांजण सागरी व्यापारातून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही उतरले. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या गुजरातेतील संजाण येथील उत्खननात अशा फिरोजी झिलईची खापरे मिळाली आहेत. बाराव्या शतकात इराणात काशान आणि सीरियात रक्का येथील कारागिरांनी गारेच्या अंगाची कृती पक्की केली. काशानच्या एका नामांकित कुंभार घराण्यातील अबुल कासिम याने १३०१ साली ती लिहून ठेवली : दहा भाग गारेचे पीठ, एक भाग दळलेली काच आणि एक भाग बारीक पांढरी माती. इतक्या जुन्या धंद्याची कृती प्रमाणासह मिळणे दुर्मीळच, कारण कारागीर असली माहिती घराबाहेर जाऊ देत नसत.

काशान आणि रक्का येथील बाराव्या-तेराव्या शतकांतले चंबू, सुरया आणि फुलदाण्या आजही युरोप-अमेरिकेच्या लिलावांत येतात. त्यांत दोन प्रकार ठळक आहेत : सबंध एकरंगी फिरोजी आणि फिरोजी झिलईखाली काळ्या रंगाची नक्षी असलेला. यांतली बहुतेक भांडी जमिनीखालून निघालेली असतात. ओल्या मातीत शतकानुशतके राहिल्याने झिलईचा वरचा पापुद्रा कुजतो आणि त्यावर चंदेरी-सोनेरी, मोरपिशी झाक येते. संग्राहकांना ही झाक फार प्रिय आहे, त्यामुळे ती नकली बनवण्याचा उद्योगही तितकाच जुना. खरी झाक पापुद्र्यापापुद्र्यांनी बसलेली असते. खोलगट जागी ती दाट आणि उंचवट्यावर झिजलेली दिसते. आम्लाने आणलेली झाक सगळीकडे एकसारखी असते. या वर्गातली भांडी बहुधा तुकड्यांतून सांधलेली असतात. दोन-तीन वेगवेगळ्या भांड्यांचे तुकडे जोडून एक ‘अखंड’ सुरई उभी केल्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत. शंका असेल आणि रक्कम मोठी असेल, तर थर्मोल्युमिनेसन्स चाचणी करून घेता येते. अंगातून काढलेल्या चिमूटभर भुकटीवरून भांडे शेवटचे केव्हा भाजले गेले याचा अंदाज त्यातून मिळतो. मात्र ज्या जागेची भुकटी घेतली तेवढ्याच तुकड्याचे वय कळते, सांधलेल्या बाकीच्या भागाचे नाही.

या वर्गात कालनिर्णयापेक्षाही मोठा प्रश्न वस्तू कुठून आली हा आहे. सीरियातून १५ मार्च २०११ नंतर बेकायदा बाहेर गेलेल्या पुरावस्तूंच्या व्यापारावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१५ च्या ठराव क्रमांक २१९९ ने बंदी घातली. ‘जुन्या युरोपीय संग्रहातून’ एवढ्याच शब्दांवर विकली जाणारी रक्काची सुरई घेण्याजोगी नसते. जुन्या लिलावाची छापील यादी, पावती किंवा जुने छायाचित्र यांपैकी काहीतरी हाती असावे लागते.

चीनमध्ये हा रंग वेगळ्या वाटेने आला. तेथील पोर्सिलेन फार उंच तापमानाला भाजावे लागते आणि अल्कली-तांब्याची झिलई त्या आचेला टिकत नाही. म्हणून भांडे आधी बिनझिलईचे पक्के भाजून, मग त्यावर फिरोजी झिलई चढवून कमी आचेवर दुसऱ्यांदा भाजत. मिंग काळापासून ही पद्धत दिसते. चिनी भाषेत या रंगाला मोराच्या हिरव्याचे नाव आहे. कांगशी आणि त्यापुढच्या चिंग सम्राटांच्या काळात असा माल मोठ्या प्रमाणावर झाला. त्यावर माशाच्या खवल्यांएवढी बारीक जाळी असते आणि ती दोष म्हणून पाहिली जात नाही. अठराव्या शतकात पॅरिसचे व्यापारी या फुलदाण्यांना सोनेरी मुलाम्याच्या पितळी बैठका आणि कड्या बसवून विकत. विसाव्या शतकात यांतल्या कित्येकींचे दिवे झाले. बुडाला भोक पाडून त्यातून वायर नेलेली असे. दिव्याची फॅशन ओसरल्यावर भोक लांबी भरून, रंगवून बुजवले गेले. चिनी फिरोजी फुलदाणीच्या बुडाच्या मधोमध नखाएवढा गोल ठिपका वेगळ्या रंगाचा किंवा वेगळ्या चकाकीचा दिसला, तर ती एकेकाळचा दिवा समजावी आणि भाव त्याप्रमाणे पाडून मागावा. मुंबईत चिनी पोर्सिलेनवर डोळा बसवायचा असेल, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील टाटा घराण्याच्या संग्रहाइतकी चांगली शाळा दुसरी नाही.

युरोपात १७५३ साली वाँसेन येथील राजाश्रयाच्या कारखान्यात रसायनज्ञ झाँ एलो याने ‘ब्ल्यू सेलेस्त’ नावाची फिरोजी पार्श्वभूमी सिद्ध केली. पंधराव्या लुईसाठी तिचा मोठा भोजनसंच बनला आणि थोड्याच वर्षांत हा कारखाना सेव्हर येथे हलला. तिथले पोर्सिलेन मऊ, कमी आचेचे आणि काचेचा अंश जास्त असलेले होते. रंग खुलला तो त्यामुळे. आज बाजारात ‘सेव्हर’ म्हणून येणाऱ्या, मधोमध दरबारी स्त्रीचे चित्र आणि भोवती फिरोजी पार्श्वभूमी असलेल्या फुलदाण्यांपैकी फार थोड्या अस्सल अठराव्या शतकातल्या असतात. कारखान्याने १८१३ मध्ये जुना कोरा माल विकून टाकला. तो इंग्लंडमध्ये नव्याने रंगवला गेला. पॅरिसच्या साम्सों यांच्यासारख्या कारखान्यांनी तर एकोणिसाव्या शतकात नकलांचाच व्यवसाय केला. तेव्हा बुडावरची सेव्हरची खूण, म्हणजे एकमेकांत गुंतलेली दोन ‘एल’ अक्षरे, हा पुरावा म्हणून सर्वांत कच्चा. त्या मानाने फ्रेंच कुंभार तेओदोर देक याच्या कामावर भरवसा ठेवता येतो. त्याने १८६१ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेला गडद, पारदर्शक फिरोजी रंग ‘ब्ल्यू द देक’ म्हणूनच ओळखला जातो. त्याच्या भांड्यांवर नाव ठोकून उमटवलेले असते. पश्चिम आशियाची जुनी भांडी समोर ठेवून त्याने आपली कृती बसवली होती.

भारतीय उपखंडातल्या जुन्या फिरोजी कामात मुलतान आणि सिंधमधील हाला यांचा मान पहिला. मुलतानच्या दर्ग्यांवरच्या निळ्या-फिरोजी फरश्या आणि बिदरच्या महमूद गावान मदरशावरच्या १४७२ च्या सुमाराच्या फरश्या याच परंपरेतल्या. घरात ठेवायच्या फुलदाण्यांची गोष्ट मात्र मुंबईपासून सुरू करता येते. सर जे. जे. कलाशाळेचे प्रमुख जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७० च्या दशकात शाळेत कुंभारकामाचा विभाग उभारला आणि त्यासाठी सिंधमधून कारागीर आणले. सिंधची फिरोजी-निळी झिलई, जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी अजिंठ्याहून उतरवून आणलेल्या आकृती आणि इंग्लंडच्या दिवाणखान्याला शोभतील असे आकार, असे तिहेरी मिश्रण या फुलदाण्यांत दिसते. टेरी यांचा स्वतःचा ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ नावाचा कारखानाही होता. माल प्रदर्शनांतून परदेशी गेला, म्हणून आज तो मुंबईपेक्षा लंडनच्या लिलावांत अधिक सहज भेटतो. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात याचे चांगले नमुने आहेत. ते पाहून मग मटन स्ट्रीटवरच्या चोरबाजारात शिरले, तर दुकानदाराच्या ‘बॉम्बे स्कूल आहे साहेब’ या वाक्याचे वजन करता येते. अंग जाड आणि मातीचे, झिलई खालच्या अंगाला कुठे दाट कुठे विरळ, नक्षीच्या रेषा हाताने ओढलेल्या आणि बुडावर कोरलेली किंवा ठोकलेली खूण, ही त्याची साधारण लक्षणे. खूण नसलेली फुलदाणी या घराण्यातली असू शकते, पण तसा भाव देण्याचे कारण नाही.

जयपूरची निळी भांडी हे गारेच्या अंगाचे आज जिवंत असलेले सर्वांत जवळचे रूप. महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत (१८३५–८०) तिथे कलाशाळा निघाली. बयाना येथील चुडामण आणि कालूराम या भावांनी दिल्लीच्या भोला नावाच्या कारागिराकडून ही विद्या आणली, असे परंपरेने सांगितले जाते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काम जवळजवळ थांबले होते. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि राजमाता गायत्रीदेवी यांच्या पाठिंब्याने चित्रकार कृपालसिंह शेखावत (१९२२–२००८) यांनी ते पुन्हा उभे केले. त्यांना १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली. दिल्लीत सरदार गुरचरणसिंग यांनी १९५२ मध्ये ‘दिल्ली ब्ल्यू पॉटरी’ सुरू केली. पठाण कुंभार अब्दुल्ला यांच्याकडून शिकलेल्या फिरोजी झिलईला त्यांनी जपानी शिक्षणाची जोड दिली. या दोघांच्या हातचे नग आता जुन्यात जमा होत आहेत आणि त्यांची मागणी वाढती आहे.

जयपूरची फुलदाणी कशी घडते हे माहीत असले की ती पारखणे सोपे जाते. गारेचे पीठ, दळलेली काच, मुलतानी माती, सज्जी आणि कतिरा डिंक यांचा कणकेसारखा गोळा मळतात. त्याला मातीची लवचीकता नसते, म्हणून तो चाकावर उंच उठत नाही. गोळा थापून त्याची पोळी प्लास्टरच्या साच्यात बसवतात आणि आत राख किंवा वाळू दाबून भरतात, म्हणजे पोळी साच्याला चिकटून राहते. फुलदाणीचे पोट असे साच्यात होते. गळा आणि बूड वेगळे करून मागाहून जोडतात. वाळल्यावर दगडाने घासून सांधे सपाट करतात, वर पांढरा लेप देतात आणि खारीच्या शेपटीच्या केसांच्या बारीक कुंचल्याने नक्षी काढतात. कोबाल्टने गडद निळा, तांब्याने फिरोजी. मग झिलई ओतून लाकडाच्या भट्टीत एकदाच भाजतात. आच ८०० ते ८५० अंशांच्या आसपास असते आणि भट्टी निवायला दोन-तीन दिवस द्यावे लागतात. एकदाच भाजायचे असल्याने चुकले ते चुकले, दुरुस्तीला जागा नाही. पारखताना गळ्यातून बोट घालून आतल्या बाजूने फिरवावे. खांद्यापाशी आणि बुडाच्या वर जोडाचा बारीक उंचवटा लागला, तर फुलदाणी या पद्धतीची आहे. बुडाशी अंग पांढरे आणि खरखरीत असते. तिथे लाल किंवा तपकिरी माती दिसली, किंवा पोटाला आतून चाकाची गोल वळणे लागली, तर ती जयपूरच्या पद्धतीची नाही, मग वरची नक्षी कितीही राजस्थानी असो.

हा फरक आज महत्त्वाचा आहे, कारण ‘ब्ल्यू पॉटरी’ या नावाखाली हस्तकला प्रदर्शनांत विकला जाणारा बराच माल उत्तर प्रदेशातील खुर्जा येथून येतो. खुर्जा हे भारतातील चिनी मातीच्या कामाचे मोठे केंद्र आहे आणि तिथला माल आपल्या जागी उत्तम असतो. अंग पक्के, पाणी न पाझरणारे, भाव आवाक्यातला. रोज फुले ठेवायला तीच फुलदाणी बरी. पण ती जयपूरच्या दराने घेणे हा निव्वळ तोटा. जयपूरच्या निळ्या भांड्यांना आणि खुर्जाच्या मालाला दोन स्वतंत्र भौगोलिक मानांकने आहेत. त्यामुळे विक्रेत्याला गाव स्पष्ट विचारण्यात संकोचण्यासारखे काही नाही. जयपूर परिसरात सांगानेर आणि कोट जेवर येथे कारागिरांच्या घरी जाऊनही खरेदी होते. तिथे शेल्फवरच्या नगांपेक्षा कोपऱ्यात बाजूला काढलेले नग आधी पाहावेत. झिलई ओघळलेली किंवा नक्षी थोडी पसरलेली फुलदाणी दुकानापर्यंत पोहोचत नाही, पण घरात ठेवायला तिच्यात काही कमी नसते.

खुर्जासह जगभरच्या कारखान्यांतला फिरोजी रंग आता बहुतेक वेळा तांब्याचा नसतोच. झिर्कोनियम आणि व्हॅनेडियमपासून बनवलेल्या निळ्या रंगद्रव्याचा भुगा १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत निघाला. तो कोणत्याही झिलईत, उंच आचेलाही, जसाच्या तसा राहतो. तांब्याचा लहरीपणा त्यात नाही आणि त्याची खोलीही नाही. दोन्ही फुलदाण्या उजेडात शेजारी ठेवल्या की फरक ओळखू येतो. तांब्याची झिलई पारदर्शक असते : काठावर विरळ होऊन खालचे अंग दाखवते, नक्षीच्या खाचांत साठून गडद होते आणि बुडाजवळ थेंब होऊन थांबते. रंगद्रव्याचा रंग काठापासून बुडापर्यंत एकसारखा, जरासा दुधाळ असतो. कथील घालून अपारदर्शक केलेली तांब्याची झिलईही दुधाळ दिसते, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नये. पण पक्क्या पोर्सिलेनवर सपाट, एकसुरी फिरोजी रंग आणि विक्रेत्याच्या तोंडी ‘शंभर वर्षांपूर्वीची’ ही जोडी भेटली, तर तिथून पुढे जावे.

‘व्हिंटेज’ या शब्दाला बाजारात ठरलेली व्याख्या नाही. शंभर वर्षांवरचे ते अँटिक, एवढे साधारण मानले जाते आणि त्याअलीकडचे, पण आजचे नसलेले सगळे व्हिंटेज. फिरोजी फुलदाण्यांत या वर्गातला मोठा वाटा अमेरिका आणि इटलीचा आहे. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या व्हॅन ब्रिगल कारखान्याची ‘टर्क्वाइज मिंग’ ही मंद, बिनचकाकीची झिलई कित्येक दशके चालू राहिली. संस्थापक आर्टस व्हॅन ब्रिगल १९०४ मध्येच वारले. पत्नी ॲन यांनी काम पुढे नेले आणि कारखाना बंद झाला तो २०१२ मध्ये. तोच साचा, तोच रंग, पण दोन नगांत साठ वर्षांचे अंतर, असे इथे सर्रास घडते. चौकटीतली जोड ‘ए’ अक्षरे सगळ्यांवर असतात. सुरुवातीच्या काळातल्या बऱ्याच नगांवर सालही कोरलेले असते आणि किंमत ठरते ती त्या सालाने. होमर लाफलिन कारखान्याच्या ‘फिएस्टा’ मालिकेत फिरोजी रंग १९३७ मध्ये आला. मालिका १९८६ मध्ये नव्याने निघाली आणि दोन वर्षांनी त्यात फिरोजीही परतला. नवे अंग पूर्ण पक्के भाजलेले असल्याने ते भट्टीत जास्त आकसते, म्हणून जुन्या साच्यातून निघालेला नवा नग जुन्यापेक्षा किंचित लहान भरतो. इथे संग्राहकाच्या खिशात मोजपट्टी असली की काम होते.

इटलीतल्या मोंतेलूपो फियोरेंतिनो येथील बितोस्सी कारखान्याची ‘रिमिनी ब्लू’ मालिका या सगळ्यांत सर्वाधिक शोधली जाते. आल्दो लोंदी १९४६ मध्ये तिथे कलाप्रमुख झाले. ओल्या मातीवर ठशांनी उमटवलेल्या ओळीच्या ओळी आणि त्यावर निळी, फिरोजी, हिरवी झिलई एकमेकींत मिसळलेली, ही तिची ओळख. बुडावर बहुधा कारखान्याचे नावच नसते. हाताने लिहिलेला आकडा आणि ‘इटली’, बस. अमेरिकेतील आयातदार रेमॉर याची चिकटपट्टी टिकली असेल तर नशीब. यामुळे ठसे असलेली कोणतीही निळी इटालियन फुलदाणी बितोस्सी म्हणून विकली जाते. खऱ्या नगात ठसा खोल आणि काठ स्वच्छ असतात, लाल माती बुडाशी दिसते आणि वजन आकाराच्या मानाने भरपूर लागते. ठसे उथळ, झिलईने भरून गेलेले असतील तर ती नक्कल किंवा शेजारच्या एखाद्या कारखान्याचा माल. तो वाईट असतोच असे नाही, भाव मात्र वेगळा. कालनिर्णयाला एक ढोबळ मदत अमेरिकी कायद्याची होते. १८९१ पासून तिथे आयात होणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव लिहिणे सक्तीचे झाले. तेव्हा ज्या फुलदाणीवर इंग्रजीत देशाचे नाव छापलेले आहे, ती बहुधा त्यापूर्वीची नाही. नाव नाही म्हणून ती जुनीच, असा उलटा अर्थ मात्र निघत नाही, कारण चिकटपट्ट्या निघून जातात.

नव्या कामात जयपूरखेरीज दोन परदेशी केंद्रे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. इराणात हमदानजवळचे लालजिन आणि उझबेकिस्तानच्या फरगाना खोऱ्यातले रिश्तान. रिश्तानचे कुंभार क्षारयुक्त झुडपांच्या राखेपासून ‘इश्कोर’ नावाची अल्कली झिलई करतात. लाल मातीवर आधी पांढरा लेप देऊन ते झिलई आणि अंग यांची तडजोड घडवतात. भारतात स्टुडिओ कुंभारकाम करणाऱ्यांची पिढी मोठ्या प्रमाणात पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीतून घडली. ती संस्था १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी सुरू केली. स्टुडिओतले कलावंत उंच आचेच्या दगडी भांड्यांवर फिरोजी आणण्यासाठी बऱ्याचदा बेरियमच्या झिलईत तांबे वापरतात. तो रंग मंद, कोरडा, अतिशय देखणा असतो. अशा फुलदाणीचा उपयोग फुलदाणी म्हणूनच करावा, तिच्यातले पाणी पिण्याच्या कामी आणू नये. शिशाच्या जुन्या झिलयांनाही हेच लागू आहे, कारण तांब्यामुळे शिसे अधिक सहज सुटते.

प्रत्यक्ष पाहणीचा क्रम जुन्या-नव्याला सारखाच. आधी काठावर आणि बुडाच्या कडेवर नख फिरवावे, टवका डोळ्याआधी नखाला लागतो. मग फुलदाणी तळहातावर तोलून काठाखाली हलकी टिचकी मारावी. पक्के अखंड अंग खणखणते, तडा असेल तर बद्द आवाज येतो. जयपूरचे किंवा इतर कमी आचेचे अंग मुळातच फार खणखणत नाही, तिथे हा निकष सैल धरावा. झिलईची जाळी आणि तडा यांत गल्लत होते. जाळी फक्त बाहेरच्या थरात राहते, तडा आतही त्याच जागी दिसतो. आत मोबाइलचा उजेड सोडून बाहेरून पाहिले की हे उलगडते. जुन्या जाळीतल्या रेषा काही ठिकाणी गडद, काही ठिकाणी स्वच्छ असतात. सगळीकडे सारख्याच तपकिरी असतील, तर त्या चहाच्या पाण्यात रंगवलेल्या असण्याची शक्यता मोठी. दुरुस्ती शोधायला अतिनील दिवा वापरतात. जुने डिंक आणि रंग त्यात वेगळे चमकतात, पण आजची चांगली रसायने चमकत नाहीत. त्यापेक्षा शंकास्पद जागा ओठाला किंवा गालाला लावून पाहणे बरे. झिलई थंड लागते, रंगवलेली लांबी तितकी थंड लागत नाही.

दूरच्या विक्रेत्याकडून घेताना फिरोजीइतका फसवा रंग नाही. हा रंग पडद्यांच्या आवाक्याबाहेर बऱ्यापैकी जातो. एकाच फुलदाणीचे छायाचित्र एका फोनवर आकाशी आणि दुसऱ्यावर हिरवट दिसते. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, शेजारी पांढरा कागद ठेवून काढलेले छायाचित्र मागावे. त्याबरोबर बुडाचे, काठाचे आणि आतल्या बाजूचे चित्रही. बुडाचे चित्र द्यायला टाळाटाळ करणाऱ्याशी व्यवहार लांबवू नये. पार्सलसाठी पेटीत पेटी, मधे चार बोटे भरण आणि फुलदाणीच्या आतही मऊ कागद, एवढे आधीच लेखी ठरवलेले बरे. बहुतेक फुटतूट गळ्यापाशी होते आणि तीही आत पोकळी राहिल्याने.

भारतात १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. बॉम्बे स्कूलची फुलदाणी परदेशातील नातेवाइकांना भेट म्हणून पाठवण्याचा बेत इथेच थांबतो. जुन्या शैलीतली नवी वस्तू बाहेर न्यायची असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळते. निदान पक्की पावती, तीवर कारागिराचे किंवा दुकानाचे नाव आणि घडवल्याचे साल असावे.

घरी आणल्यावर कमी आचेच्या फुलदाणीत थेट पाणी भरू नये. आधी चाचणीसाठी एक रात्र पाणी ठेवून खाली कागद पसरावा. सकाळी कागद ओला असेल किंवा काही दिवसांनी बुडाशी पांढरा क्षार फुलला, तर अंग पाझरते. अशा वेळी आत बसेल अशी काचेची नळी किंवा अरुंद पेला ठेवून फुले त्यात ठेवावीत, नाहीतर सुकी फुले आणि गवत. पुसायला ओले मऊ कापड पुरते. चिंच-लिंबासारखे आंबट पदार्थ किंवा तीव्र साबण झिलईला खातात. जमिनीखालून निघालेल्या भांड्यावरची झाक तर घासून कायमची जाते. जोड निखळला तर घरच्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने सांधू नये, कारण तो पुढे सुटवणे फार अवघड होते. तुकडे सुटे, कागदात गुंडाळून ठेवून संग्रहालयांसाठी काम करणाऱ्या जतनतज्ज्ञाकडे न्यावेत.